मदत हवी आहे: खुल्या समुद्रातल्या मत्स्यशेती क्षेत्रांच्या पर्यावरण अहवालावर हरकती कशा लिहाव्यात?

भरतीओहोटी

नमस्कार मंडळी. किनाऱ्यापासून बरंच आत, खुल्या समुद्रात मत्स्यशेतीसाठी काही क्षेत्रं राखून ठेवायचा प्रस्ताव आहे. त्याच्या पर्यावरणीय परिणामांचा मसुदा अहवाल जाहीर झालाय आणि लोकांकडून हरकती-सूचना मागवल्यात. आमच्या गटाने "तू शास्त्र शिकलास, तूच लिही" म्हणून हे काम माझ्या गळ्यात घातलंय. मी रसायनशास्त्रवाला, समुद्राचं फारसं कळत नाही.

अहवाल जाडजूड आहे आणि वाचताना एक गोष्ट सारखी खटकते. जवळपास प्रत्येक प्रकरण याच वळणावर येऊन थांबतं: क्षेत्र ठरवल्याने समुद्रात काहीच उभं राहत नाही, म्हणून थेट परिणाम नाही, मासे वाढवायच्या जाळीच्या पिंजऱ्यांचे परिणाम पुढे परवान्याच्या वेळी तपासू. मग आत्ता मत द्यायचं तरी कशावर? आणि परवान्याच्या वेळी गेलो, तर "क्षेत्र आधीच ठरलंय" असं ऐकावं लागणार नाही कशावरून?

विरोधच करायचा असं ठरलेलं नाही, गटात दोन्ही मतं आहेत. पण मासे कोणते वाढवणार तेही अहवालात मोकळं सोडलंय. विष्ठा, रोग, पळालेले मासे, दोरांत अडकणारे देवमासे आणि कासवं, यातलं आधी काय धरावं? मुदत पुढच्या आठवड्यात संपते. माहितगारांनी प्रकाश टाकावा.

कलमबहाद्दर

तुम्हाला खटकलंय तीच खरी हरकत आहे. अशा दोन टप्प्यांच्या पद्धतीत पहिला टप्पा म्हणतो पुढे बघू, दुसरा म्हणतो मागेच ठरलं. त्यामुळे जे फक्त आत्ताच तपासता येतं त्यावर बोट ठेवा. एका क्षेत्रात किती पिंजरे मावणार, शेजारशेजारच्या क्षेत्रांचा मिळून परिणाम काय, आणि दुसऱ्या जागांचा पर्याय का नाकारला? एकेका परवान्याच्या वेळी ही बेरीज कोणी करत नाही.

पर्यावरणाच्या निर्णयांत लोकसहभागाबद्दलचा ऑर्हुस हा आंतरराष्ट्रीय करार (१९९८) तुमच्याकडे लागू असेल तर त्याचा आधार घ्या. सगळे पर्याय खुले असतानाच लोकांना सहभागी करून घ्या, असं तो स्पष्ट सांगतो.

आणि कृपा करून एकच मजकूर शंभर जणांच्या सह्यांनी पाठवू नका. तो बहुतेक एकच मुद्दा म्हणून मोजला जातो. पान क्रमांक, तिथे काय लिहिलंय, काय राहिलंय, काय करायला हवं होतं, एवढं असलेलं एकच पत्र अधिकाऱ्याला जास्त त्रास देतं. (चांगल्या अर्थाने!)

तळगाळ

मी समुद्रतळाच्या पाहण्यांवर काम केलंय, म्हणून विष्ठेपुरतं बोलतो.

अहवालात "पाणी खोल आणि वाहतं असल्याने घाण पांगेल" असं असणारच. तत्त्वतः ते खरंय, पण हिशेब करून बघा. विष्ठा सेकंदाला ३ सेंमी वेगाने खाली जाते आणि पिंजऱ्याखाली ६० मीटर पाणी आहे असं धरा. तळाला पोचायला २००० सेकंद, म्हणजे अर्ध्या तासाहून थोडं जास्त. प्रवाह सेकंदाला २० सेंमी असेल तर तेवढ्यात ती ४०० मीटर वाहत जाते, २ सेंमी असेल तर जेमतेम ४० मीटर. म्हणजे पहिल्या वेळी पातळ थर आणि दुसऱ्या वेळी पिंजऱ्याखालीच ढीग. उरलेलं खाद्य तर याहून जलद बुडतं. सरासरी प्रवाह हा आकडा म्हणूनच फसवा असतो. वर्षातला सगळ्यात मंद काळ कोणता आणि तेव्हाच्या नोंदी घेतल्या का, ते विचारा.

ढीग साचला की तळातला प्राणवायू संपतो, सल्फाइड वाढतं, नेहमीचे जीव जातात आणि कॅपिटेला नावाच्या किड्यांचं राज्य येतं. फारच बिघडलं तर बेगियाटोआ जिवाणूंची पांढरी साय तळावर दिसते. तुम्ही रसायनवाले, सल्फाइडचा भाग तुम्हाला माझ्याहून चांगला लिहिता येईल. पिंजरे येण्याआधीची तळाची पाहणी झाली नसेल तर नंतर काहीच सिद्ध करता येत नाही, हे ठासून लिहा.

पिंजरेवाला

सगळे विष्ठेच्या मागे लागतात. २०१७च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सायप्रेस (Cypress) बेटाजवळचा पिंजरा कोसळून अटलांटिक सामनचे दोन लाखांहून जास्त मासे पॅसिफिकच्या पाण्यात सुटले. जाळ्यांवर शिंपले आणि इतर जीव इतके वाढले होते की प्रवाहाचा ताण जाळ्यांना पेलवला नाही, असं राज्याच्या चौकशीत निघालं. पुढच्याच वर्षी तिथल्या विधिमंडळाने परक्या जातीची अशी शेती टप्प्याटप्प्याने बंद करायचा कायदा केला. जाळी किती दिवसांनी साफ करणार, नांगर आणि दोर कुठल्या लाटेला धरून बनवलेत, हे कंटाळवाणे प्रश्न जरूर विचारा.

उलटसुलट

एक विरोधी सूर लावतो. २०२२मध्ये जगात पहिल्यांदाच पाळलेल्या जलचरांचं उत्पादन पकडलेल्यांपेक्षा जास्त झालं. शेती होणारच आहे. ती बंद खाडीत दाटीवाटीने झालेली बरी की खुल्या पाण्यात? दोन्हीकडची तुलना अहवालात आहे का, तेही विचारा. नसेल तर ती उणीव दोन्ही बाजूंना मान्य व्हावी.

भरतीओहोटी

सगळ्यांचे आभार, चित्र बरंच स्पष्ट झालं. माशांची जात मोकळी सोडली आहे त्याचं काय करू? आणि "देखरेख ठेवली जाईल" एवढंच वाक्य ठिकठिकाणी आहे, त्यावर काय म्हणावं?

कलमबहाद्दर

जात ठरलेली नसेल तर सगळ्यात वाईट शक्यता धरून मूल्यांकन करा, अशी मागणी करा. स्थानिक जातीचा मासा पळाला तर रानटी माशांत संकर होतो, परक्या जातीचा पळाला तर प्रश्न वेगळा. दोन्ही एका वाक्यात उरकता येत नाहीत.

देखरेखीसाठी नॉर्वेचं उदाहरण द्या. २०१७पासून त्यांनी किनाऱ्याचे १३ विभाग केलेत. पाळीव सामनवरच्या समुद्री उवांमुळे (अंगाला चिकटणारे परजीवी) रानटी सामनची किती पिल्लं मरतात, त्यावर विभागाला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग मिळतो. हिरव्यात उत्पादन ६ टक्के वाढवता येतं, लाल विभागाला ६ टक्के कपात सोसावी लागू शकते. त्या पद्धतीवर टीकाही होते, पण मोजणीनंतर काय होणार हे आधीच ठरलेलं आहे. तुमच्या अहवालात कुठला आकडा ओलांडला की कोण काय बंद करणार?

भरतीओहोटी

@तळगाळ, परिशिष्टात प्रवाहमापकाच्या नोंदी सापडल्या. सगळ्या एकाच मोसमातल्या आहेत, तोही जोराच्या वाऱ्याचा. शांत पाण्याच्या महिन्यांतली एकही नाही.

तळगाळ

मग हा मुद्दा पहिला घ्या, बाकीचे त्याच्याखाली. परिशिष्टाचं पान क्रमांकासकट द्या, आणि वर्षभराच्या नोंदी घेऊन पांगण्याचं गणित परत करा, अशी स्पष्ट मागणी त्याच परिच्छेदात लिहा.