मदत हवी आहे : तालमीने दिलेला पुरस्कार परत घेण्याचा नियम कसा लिहावा?

नमस्कार. मी कोल्हापूर जिल्ह्यातील एका नोंदणीकृत तालीम संस्थेचा चिटणीस आहे. आमची संस्था दरवर्षी परिसरातील एका मल्लाचा गौरव करते. त्यात चांदीची गदा, मानपत्र आणि तालमीच्या भिंतीवर कायमची तसबीर असा मान असतो. काही वर्षांपूर्वी ज्याला आम्ही हा मान दिला, त्याच्याविरुद्ध त्याच्या पत्नीने मारहाणीची फिर्याद दिली असून पोलिसांनी आरोपपत्रही दाखल केले आहे. खटला अद्याप सुरू झालेला नाही. पुरस्कार काढून घ्यावा की नाही यावर कार्यकारिणीत दोन तट पडले आहेत, संस्थेच्या घटनेत याविषयी एक ओळही नाही आणि ती ओळ लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

ती तसबीर कुस्तीच्या मातीच्या हौद्यासमोरच्या भिंतीवर, खाशाबा जाधवांच्या शेजारी आहे. मातीत उतरण्यापूर्वी मुले दोन्ही तसबिरींना हात लावून तो कपाळाला लावतात. अलीकडे आमच्याकडे मुलीही सरावाला येतात. गेल्या महिन्यात त्यांच्यातल्या एकीने खाशाबांना नमस्कार केला, दुसऱ्या तसबिरीसमोरून ती तशीच पुढे गेली आणि वस्तादांनी कारण विचारले तेव्हा उत्तर न देता बैठका मारू लागली. तिला काय उत्तर द्यावे हे मला अजून सुचलेले नाही, आणि खरे सांगायचे तर हा धागा काढण्याचे कारण तेच आहे.

एका गटाचे म्हणणे असे की, कुस्ती त्याने मारली, ती खोटी नव्हती, मग घरातल्या प्रकरणाचा पुरस्काराशी संबंध काय? हे म्हणणे मला सहज झटकून टाकता येत नाही. अमेरिकन खेळाडू जिम थॉर्प याने 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके जिंकली होती. तेव्हा ऑलिंपिक फक्त हौशी खेळाडूंसाठी असे, म्हणून त्यापूर्वी किरकोळ मानधनावर बेसबॉल खेळल्याबद्दल ती 1913 मध्ये काढून घेतली गेली. 1982 मध्ये त्याला सहविजेता म्हणून मान्यता मिळाली आणि एकमेव विजेता म्हणून त्याची नोंद थेट 2022 मध्ये झाली. तो 1953 मध्येच वारला होता. घाईने घेतलेला निर्णय मागे घ्यायला किती उशीर होतो, हे यावरून दिसते.

दुसरा गट म्हणतो की निकालापर्यंत थांबणे म्हणजे काहीच न करणे. सुशील कुमार प्रकरण आम्हा कुस्तीवाल्यांना अधिक जवळचे आहे. बीजिंगचे कांस्य आणि लंडनचे रौप्य मिळवणारा, खेलरत्न आणि पद्मश्रीने गौरवलेला हा मल्ल एका तरुण कुस्तीगिराच्या खुनाच्या आरोपाखाली मे 2021 मध्ये अटकेत गेला. तो नोकरीला असलेल्या रेल्वेने त्याला लगेच निलंबित केले. न्यायालयाने आरोप निश्चित केले, म्हणजे कोणत्या आरोपांवर खटला चालवायचा हे ठरवले, ते ऑक्टोबर 2022 मध्ये, आणि ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा जामीन रद्द केला तेव्हाही खटला चालूच होता. पद्म पुरस्कार रद्द करण्याचा अधिकार राष्ट्रपतींना आहे, परंतु तो कोणत्या टप्प्यावर वापरावा याचे बंधन नाही. आमच्यासारख्या लहान संस्थेने इतकी मोकळीक ठेवली, तर ज्याचे गावात वजन जास्त त्याचा पुरस्कार टिकेल, अशी मला भीती वाटते.

मला स्वतःला वाट दिसते ती रॉबर्टो अलोमार या बेसबॉलपटूच्या उदाहरणात. लैंगिक गैरवर्तनाच्या तक्रारीच्या चौकशीनंतर 2021 मध्ये त्याच्यावर बंदी आली; बेसबॉलमधील थोर खेळाडूंचा गौरव करणाऱ्या हॉल ऑफ फेमने त्याची पाटी तशीच ठेवली, पण टोरंटोच्या संघाने मैदानातील त्याच्या नावाचा फलक उतरवला. जिंकल्याची नोंद ही घडलेल्या कुस्तीची असते, ती खोडण्याचा अधिकार आम्हाला नाही. तसबीर, उत्सवातली पुढची खुर्ची आणि मुलांचा नमस्कार हे मात्र आम्ही दिलेले आहे, आणि ते आम्ही थांबवू शकतो. म्हणून माझा कच्चा मसुदा असा आहे की, न्यायालयाने आरोप निश्चित केल्यावर तसबीर उतरवून कपाटात ठेवावी, दोष सिद्ध झाल्यास पुरस्कार रद्द करावा, निर्दोष सुटका झाल्यास तसबीर समारंभपूर्वक परत लावावी, आणि विजेत्यांच्या वहीतील नाव कोणत्याही परिस्थितीत खोडू नये.

यात मला मदत हवी आहे. आरोपपत्र दाखल होणे आणि आरोप निश्चित होणे यांमध्ये बराच काळ जाऊ शकतो. त्या काळात त्या मुलीला रोज ती तसबीर पाहावी लागेल, तर आरोपपत्राचाच टप्पा धरणे अन्यायाचे ठरेल का? निर्णय कार्यकारिणीने घ्यावा की बाहेरच्या तिघांच्या समितीने, कारण आमच्यातले चौघे त्याचे नातेवाईक आहेत? एकदा भेट दिलेली गदा परत मागण्याचा कायदेशीर अधिकार संस्थेला असतो का, की तशी अट पुरस्कार देतानाच लिहून घ्यावी लागते? आणि आज केलेला नियम मागच्या पुरस्कारांना लावता येतो का?

धर्मादाय आयुक्तांकडे घटनादुरुस्ती केलेल्या कोणी असा नियम लिहिला असेल, तर त्यातील नेमकी वाक्ये येथे द्यावीत, ही विनंती. सर्वसाधारण सभेची सूचना काढण्यापूर्वी मसुदा वस्तादांना आणि सरावाला येणाऱ्या मुलींच्या पालकांना वाचून दाखवायचा आहे.