परदेशात चष्मा केलाय का कुणी? अनुभव सांगा

गेल्या महिन्यात कामासाठी परदेशी गेले होते. दुसऱ्याच दिवशी अंघोळ करून आले आणि पलंगावर टेकले ती नेमकी चष्म्यावर. एक काडी बिजागरीपाशी तुटली, उजव्या काचेची कड तडकली. नंबर उणे साडेपाच, म्हणजे चष्म्याशिवाय समोरच्या माणसाला चेहराच नसतो. नंबरचा कागद घरी. दुकानातल्या मुलीने मोडका चष्मा यंत्रावर धरून दोन्ही काचांचे नंबर वाचले आणि दोन तासांत नवा हातात दिला. तुमचं कसं झालं?

*

माझं एवढं सोपं नव्हतं, कारण प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत. साधी काच तयार मिळते, प्रोग्रेसिव्ह बनवून यावी लागते. आठवडा लागेल म्हणाले, माझं विमान चार दिवसांनी. मग फक्त लांबचा करून घेतला, वाचायला तयार मिळतो तो. सारखी दोघांची अदलाबदल. मेन्यू वाचायचा तर एक, वेटर शोधायचा तर दुसरा.

*

सिलिंडर नंबर (डोळ्याची गोलाई सगळीकडे सारखी नसते त्यासाठीचा; तो कुठल्या कोनात बसवायचा ते म्हणजे ॲक्सिस) असलेल्यांनो, इकडे लक्ष द्या. माझा नंबर कायम −१.००, सिलिंडर −१.००, ॲक्सिस १८०. तिकडे तपासलं तर कागदावर −२.००, +१.००, ॲक्सिस ९०! मी डॉक्टरांशी जवळजवळ भांडलोच. त्यांनी शांतपणे उलटी बेरीज करून दाखवली: −२ मध्ये +१ मिळवा, सिलिंडरचं चिन्ह फिरवा, ॲक्सिस ९० ने हलवा. नंबर तोच, लिहायची रीत वेगळी. फार ओशाळलो.

*

मी जुना चष्मा मोज्यात गुंडाळून बॅगेत टाकते. एकदा लागला. संपलं.

*

अमेरिकेत डोळे तपासले की चष्म्याच्या नंबरचा कागद न मागता हातात द्यायचा, असा नियम १९७८ पासून आहे. मलाही मिळाला. पण दोन बाहुल्यांमधलं अंतर, म्हणजे पीडी, त्यावर लिहायचं बंधन नाही, आणि माझ्या कागदावर ते नव्हतं. ऑनलाइन चष्मा मागवताना नेमकं तिथेच अडलं. अंदाजाने ६३ टाकलं, निघालं ५८. पायऱ्या उतरताना जमीन आपल्याकडे येतेय असं वाटायचं. तो चष्मा ड्रॉवरमध्ये आहे.

*

कॉन्टॅक्ट लेन्स संपल्या तेव्हा मी चष्म्याचाच नंबर पुढे केला. दुकानदाराने दिल्या नाहीत. तेव्हा चिडले, पण बरोबर तोच होता. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर लांब, लेन्स थेट डोळ्यावर. त्यामुळे माझा चष्म्याचा −६.०० लेन्समध्ये −५.५० होतो. वर बेस कर्व्ह, म्हणजे लेन्सच्या आतल्या बाजूची गोलाई, आणि व्यास हवाच. आता लेन्सच्या पुठ्ठ्याच्या डबीचा फोटो मोबाईलमध्ये असतो.

*

उणे साडेपाचवाल्या ताई, तो तुटका चष्मा टाकू नका. काडी बदलून मिळते.

*

टाकला नाहीये! पण उजवी काच आता पूर्ण गेलीय, डावीचं काय करू?