फॅक कायनेज नसलेल्या पेशींची पकड सैल का पडत नाही?

प्रश्न: डिचोलीची विद्यार्थिनी

नमस्कार. मी गोव्यात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि माझा प्रकल्प पेशींच्या आसंजनावर, म्हणजे पेशी आधाराला कशा चिकटतात यावर, आहे. दोन शंका आहेत.

इंटिग्रिन हे ग्राहक प्रथिन पेशीबाहेरच्या फायब्रोनेक्टिनला धरते, त्या जागी फोकल अ‍ॅडहीजन, म्हणजे आसंजनबिंदू, तयार होतो आणि तेथे जमणारे फॅक (फोकल अ‍ॅडहीजन कायनेज) हे टायरोसिन कायनेज, म्हणजे प्रथिनातील टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसवणारे विकर, सक्रिय होऊन पेशीच्या आत संदेश पाठवते, इथवर समजले. मग फॅक काढून टाकल्यास पकड सैल पडायला हवी. प्रत्यक्षात १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगात फॅक नसलेले भ्रूण गर्भावस्थेच्या साधारण साडेआठाव्या दिवशी दगावले आणि त्यांच्यापासून मिळवलेल्या पेशींत आसंजनबिंदू कमी नव्हे, तर जास्त आढळले. शिवाय त्या पेशी सरकतही हळू होत्या. याची संगती कशी लावायची?

दुसरी शंका प्रयोगातली आहे. हीला पेशी ट्रिप्सिन या प्रथिने तोडणाऱ्या विकराने आधारापासून सोडवून माध्यमात तरंगत ठेवल्या आणि फॅकच्या ३९७व्या टायरोसिनचे फॉस्फोरिलीकरण, म्हणजे त्यावर फॉस्फेट बसणे, वेस्टर्न ब्लॉटवर (प्रतिपिंडाने प्रथिनाची पट्टी दाखवणाऱ्या चाचणीत) पाहिले, तर पट्टी पुसट होण्याऐवजी चांगली ठळक येते. कशालाच न चिकटलेल्या पेशीत हा संदेश येतो कुठून?

उत्तर: ताळगाव पठार

फॅकचे काम पेशीला चिकटवून ठेवण्याचे आहे असे धरून चालल्यामुळे पहिली शंका निर्माण होते. पकडीचे यांत्रिक ओझे टॅलिन, किंडलिन आणि विन्क्युलिन ही प्रथिने वाहतात. टॅलिनचे एक टोक इंटिग्रिनच्या बीटा साखळीच्या शेपटीला धरते, तर उरलेला लांब दांडा अ‍ॅक्टिनच्या तंतूंना जोडला जातो. इंटिग्रिनला स्वतःची कायनेज क्रिया मुळीच नसते, म्हणून ‘येथे पकड बसली आहे’ ही बातमी आत पोहोचवण्यासाठी त्याला फॅकसारखे कायनेज उसने घ्यावे लागते.

एरवी फॅक स्वतःलाच मिटून बसलेले असते. त्याचा फर्म नावाचा भाग कायनेजच्या भागावर दुमडून बसतो आणि ३९७वा टायरोसिन झाकला जातो; २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्फटिकरचनेत हे स्पष्ट दिसते. इंटिग्रिनचे घोळके जमले की ही घडी उलगडते, ३९७व्या जागी फॉस्फेट बसतो आणि तेथे सार्क कायनेज त्याच्या एसएच२ भागाने येऊन चिकटते. सार्कवर स्वतःच्याच शेपटीचा लगाम असतो, तोही या जोडणीने सुटतो. मग सार्क फॅकच्या ५७६ आणि ५७७ या टायरोसिनांवर फॉस्फेट बसवते आणि दोघे मिळून पूर्ण जोमाने कामाला लागतात. एकाने दुसऱ्याला जागे करायचे आणि दुसऱ्याने पहिल्याला, ही रचना मला या सगळ्या विषयातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

आता हे दोघे करतात काय ते पाहा. पॅक्सिलिन आणि पी१३० कॅस या आसंजनबिंदूतल्या प्रथिनांवर फॉस्फेट बसवून ते रॅक या संदेशवाहक प्रथिनाला चालना देतात, त्यामुळे पेशीची पुढची कड पसरते. आणि पी१९० ऱ्होगॅप या प्रथिनाच्या मार्गाने रॅकच्याच कुळातल्या ऱ्होची क्रिया उतरवतात, त्यामुळे अ‍ॅक्टिनच्या जाड दोऱ्यांमधला ताण कमी होऊन जुने आसंजनबिंदू मोडू लागतात. फॅक नसेल तर ऱ्हो चढाच राहतो, ताण टिकून राहतो, बिंदू जन्मतात पण मोडत नाहीत आणि साहजिकच त्यांची संख्या वाढते. माडावर चढणाऱ्या पाडेल्याने खालची पकड सोडलीच नाही, तर त्याचे हातपाय कितीही घट्ट असोत, तो वर जाणार नाही. आपण वाचलेल्या प्रयोगातले जास्त बिंदू आणि मंद गती ही एकाच बिघाडाची दोन रूपे आहेत.

उत्तर: फोंड्याहून

वरच्या विवेचनात भर घालण्यासारखे फारसे नाही, म्हणून दुसऱ्या शंकेकडे वळतो.

हीला ही कर्करोगाची पेशीरेषा आहे हे विसरू नये. अशा रेषांची वाढ आधाराला चिकटण्यावर फारशी अवलंबून राहिलेली नसते आणि अनेकींमध्ये सार्क किंवा वाढघटकांचे ग्राहक आधीच चढे असल्यामुळे तरंगत्या अवस्थेतही फॅकवर फॉस्फेट टिकू शकतो. तेव्हा आपली पट्टी खरीही असू शकते. ती खरी आहे की प्रयोगातून आली आहे, हे ठरवायला एनआयएच ३टी३ या उंदराच्या पेशींसारखी आधारावर अवलंबून असलेली रेषा शेजारी हवी. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या पेशीभांडारात चौकशी करावी.

तरीही प्रयोगाची बाजू तपासायलाच हवी, आणि माझा पहिला संशय सीरमवर आहे. सीरममध्ये फायब्रोनेक्टिन आणि व्हिट्रोनेक्टिन दोन्ही असतात, त्यामुळे ट्रिप्सिन थांबवण्यासाठी सीरम घातले की पेशींना तरंगतानाच पकडायला काहीतरी मिळते. त्याऐवजी सोयाबीनमधला ट्रिप्सिन-रोधक वापरावा, पेशी सीरमरहित माध्यमात थोडे बीएसए (गायीच्या रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन) घालून पाऊण ते एक तास हलक्या हाताने फिरवत ठेवाव्यात आणि भांडे न चिकटणारे असावे. सूक्ष्मदर्शकाखाली गोळे दिसले तर तो नमुना टाकून द्यावा, कारण एकमेकींना बिलगलेल्या पेशींना ‘न चिकटलेल्या’ म्हणता येत नाही. नंतर अर्ध्या पेशी फायब्रोनेक्टिनवर आणि अर्ध्या पॉली-एल-लायसिनवर टाकाव्यात. दुसऱ्या पृष्ठभागाला त्या केवळ विद्युतभारामुळे चिकटतात, इंटिग्रिनमुळे नव्हे, आणि खरी तुलना या दोहोंमधली आहे.

पेशी फोडण्याच्या द्रावणात सोडियम ऑर्थोव्हॅनेडेट घालतच असाल, पण ते सामू १० ला आणून रंग जाईपर्यंत उकळलेले आहे ना? तसे न केल्यास फॉस्फेटेजे, म्हणजे फॉस्फेट काढून टाकणारी विकरे, पुरती थांबत नाहीत आणि चिकटलेल्या नमुन्यातलीच पट्टी फिकी पडते, म्हणजे फरक आणखी पुसला जातो. ब्लॉटवरच्या रिकाम्या जागा झाकायला दुधाऐवजी बीएसए घ्यावे, कारण दुधातले केसिन स्वतःच फॉस्फेटधारी प्रथिन आहे. एकूण फॅकची पट्टी जोडीला नसेल, तर ३९७च्या पट्टीवरून काहीच बोलता येत नाही. आणि पावसाळ्यात वीज जाऊन फ्रीजर वितळला असेल, तर प्रतिपिंडाचा नवा अंश काढावा. हे आपल्याकडे सांगावेच लागते.

डिचोलीची विद्यार्थिनी

दोघांचेही मनापासून आभार. ३टी३ पेशींची चौकशी लगेच करते. आणखी एक विचारू का? पुढच्या टप्प्यात फॅक बंद करायचे आहे. त्यासाठी पीएफ-५७३२२८ हे औषध वापरणे बरे की सायआरएनएने (जनुकाचा संदेश नष्ट करणाऱ्या आरएनएच्या लहान तुकड्यांनी) प्रथिनच कमी करणे?

उत्तर: ताळगाव पठार

दोन्हींचा अर्थ वेगळा आहे. फॅक हे कायनेज आहेच, पण ते इतर प्रथिनांना एकत्र टेकवणारा आधारही आहे. औषधाने कायनेज क्रिया थांबते, प्रथिन मात्र जागेवर राहते, तर सायआरएनएने दोन्ही जातात. २००७ मध्ये या औषधावर प्रसिद्ध झालेल्या कामात ३९७चे फॉस्फोरिलीकरण, पेशींचे सरकणे आणि आसंजनबिंदूंची उलाढाल अडली, परंतु सामान्य पेशींची वाढ थांबली नाही किंवा त्या मेल्याही नाहीत. प्रथिन काढून केलेल्या प्रयोगांशी हे पूर्णपणे जुळत नाही. शिवाय फॅक नाहीसे झाले की त्याचे भावंड पायके२ काही पेशींत वाढते आणि थोडे काम उचलते, म्हणून सायआरएनएच्या ब्लॉटवर पायके२ची ओळ ठेवलीच पाहिजे. आपला प्रश्न सरकण्याबद्दल असेल तर औषधापासून सुरुवात करावी, पेशी तगण्याबद्दल असेल तर दोन्ही करावे लागेल.

उत्तर: फोंड्याहून

सहमत आहे. फक्त एक करा: बिंदू मोजून थांबू नका. संख्या जन्म वाढल्यानेही वाढते आणि मोडणे थांबल्यानेही वाढते, आणि स्थिर केलेल्या पेशीच्या छायाचित्रात हा फरक कळत नाही. जीएफपी हे हिरवे चमकणारे प्रथिन जोडलेले पॅक्सिलिन पेशीत घालून जिवंत पेशींचे दर मिनिटाला छायाचित्र घ्या आणि प्रत्येक बिंदू किती वेळ टिकतो ते मोजा. तशी सोय आपल्या विभागात नसेल, तर ज्या विभागात असा सूक्ष्मदर्शक आहे तेथे मार्गदर्शकांमार्फत वेळ मागा.