स्लीप लॅबमध्ये सात वर्षं झाली, आता पुढे काय करू?

पहाटपाळी (पुणे)

मी एका खासगी हॉस्पिटलच्या स्लीप लॅबमध्ये, म्हणजे रात्रभर पेशंटची झोप तपासतात तिथे, टेक्नॉलॉजिस्ट आहे. रात्री आठला जाते, सकाळी सातला सुटते. डोक्याला, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला, पायांना इलेक्ट्रोड, नाकात कॅन्युला (श्वास मोजणारी बारीक नळी), छातीला आणि पोटाला पट्टे, बोटाला ऑक्सिमीटर. एवढं लावून होईतो पाऊण तास जातो.

कामाचा कंटाळा आलेला नाही, हे आधी सांगते. मागच्या महिन्यात पन्नाशीचे एक एसटी ड्रायव्हर आले होते. उताणे झाले की श्वास अडायचा. पोट वरखाली होतंय, पट्टे ओढ खाताहेत, पण नाकाची रेघ सपाट, ४०-४० सेकंद. ऑक्सिजन ७१ पर्यंत उतरला. डॉक्टरांनी आधीच लिहून ठेवलं होतं, म्हणून दीड वाजता सीपॅपचा (हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवणाऱ्या मशीनचा) मास्क लावला. ५ पासून प्रेशर चढवत ११ वर आणलं आणि घोरणं थांबलं. सकाळी कोमट पाण्याने केसांतली पेस्ट काढत होते, तेव्हा ते म्हणाले, "ताई, मास्क लावल्यापासून लघवीला एकदाही उठलो नाही. घरी चारदा उठतो." अशा सकाळी थकवा जाणवत नाही.

पण हॉस्पिटलने पेशंटला झोपेच्या तपासणीसाठी घरी द्यायची मशिनं घेतली आणि लॅबच्या रात्री आठवड्याला सहावरून तीनवर आल्या. स्कोअरिंग, म्हणजे रेकॉर्डिंग वाचून झोपेच्या आणि श्वासाच्या नोंदी करणं, सॉफ्टवेअर करतं, मी नुसती नजर टाकायची. पगार दोन वर्षं तोच आहे. ॲडमिनमधल्या एकांनी तोंडावर सांगितलं, "आता मशीनच सगळं करतं, तुम्ही फक्त वायरी लावायच्या." ते फार लागलं मला. आठ तासांच्या रेकॉर्डिंगचे ९६० एपॉक (३० सेकंदांचे तुकडे) मी एकेक करून वाचलेत.

घरी सहा वर्षांची लेक आहे. दुपारी कुकरच्या शिट्ट्या, भंगारवाला, दारावरची बेल. जेमतेम चार तास झोप होते. पेशंटला झोपेचे नियम समजावताना हल्ली जीभ जड होते. सीपॅप विकणाऱ्या कंपनीत जावं, ईईजीकडे (मेंदूच्या लहरींच्या तपासणीकडे) वळावं, की आरपीएसजीटीची (स्लीप टेक्नॉलॉजिस्टची आंतरराष्ट्रीय) परीक्षा द्यावी?

दादर_नाइट

ताई, मी १४ वर्षं हेच करतोय. "मशीनच करतं" याला कागदावर उत्तर द्या. घरच्या मशीनला बहुतेक वेळा ईईजी नसतो, त्यामुळे माणूस झोपलाय की नुसता पडलाय हे त्याला कळत नाही. सात तास मशीन लावलं, झोप चारच तास लागली, श्वास १०० वेळा अडला. तासाला किती वेळा, यावर आजार ठरतो. सातने भागलं तर १४, चारने भागलं तर २५. १५ च्या खाली सौम्य, वर मध्यम. त्याच माणसाचा आजार बदलला!

दुसरं, कॅन्युला सरकली की सॉफ्टवेअर बिनदिक्कत ॲप्निया (श्वास थांबला) लिहून मोकळं होतं. पट्टे शांत लयीत आणि ऑक्सिजन ९६ वर असेल, तर तो ॲप्निया नाही. असे रिपोर्ट जमवा आणि ॲडमिनला नको, डॉक्टरांना दाखवा.

नाइट सलग मागून घ्या. एकाआड एक घेतल्या तर शरीराला कुठलीच वेळ लागत नाही. सकाळी घरी जाताना मी गॉगल घालतो आणि बेलचं बटण बंद करतो. घरच्यांना पटायला दोन वर्षं लागली, पण पटलं.

नाशिककर_ओहायो

इथे अमेरिकेत हे आधीच होऊन गेलंय. २००८ मध्ये मेडिकेअरने (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्याने) घरच्या चाचणीवर सीपॅप द्यायला मान्यता दिली, पुढे विमा कंपन्याही तिकडेच वळल्या. माझ्या ओळखीतले जे टिकले, ते अवघड पेशंट शिकले म्हणून टिकले: हार्ट फेल्युअरवाले, सेंट्रल ॲप्निया (मेंदूच श्वासाचा इशारा देत नाही असे), लहान मुलं, झोपेत हातपाय झाडणारे. हे लॅबमध्येच येतात. तुम्ही बायपॅप टायट्रेशन (श्वास घेताना-सोडताना वेगळा दाब देणाऱ्या मशीनचं प्रेशर ठरवणं) आणि मुलांच्या स्टडी मागून घ्या. परीक्षा जरूर द्या, पण फी डॉलरमध्ये आहे, अर्धी हॉस्पिटलने भरावी हे अर्ज करण्याआधी लिहून घ्या.

वऱ्हाडी_टेक

कंपनीत मी दीड वर्ष काढलं. महिन्याचं टार्गेट असतं आणि ज्याला मास्क नको त्यालाही गळ्यात मारावा लागतो. मला झेपलं नाही, परत आलो. आणि अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सच्या २०२१ च्या कायद्यात स्लीप लॅब टेक्नॉलॉजिस्ट असं आपल्या कामाचं नाव छापलंय. "वायरी लावणारी" म्हणणाऱ्याला ते पान उघडून दाखवा.

पहाटपाळी (पुणे)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री लॅब रिकामी होती, तर घरच्या मशिनचे बारा रिपोर्ट उघडून बसले. दोनमध्ये कॅन्युला सुटलेली सापडली. त्यातल्या एका बाईंची तपासणी लॅबमध्ये परत करायचं डॉक्टरांनी ठरवलंय, शुक्रवारी येताहेत. सलग नाइटचा अर्ज दिलाय. कंपनीचा विचार सोडला. दादर_नाइट, मुलांच्या स्टडीत कॅन्युला ओढून काढू नये म्हणून तुम्ही काय करता? पहिली स्टडी चार वर्षांच्या मुलाची मिळतेय.