मदत हवी आहे : विरळ झुडपांच्या कोरड्या जमिनीवर बाष्पपर्णोत्सर्जन ऋण येते

नमस्कार. लँडसॅट ८ आणि ९ या उपग्रहांच्या प्रतिमांवरून एका शुष्क प्रदेशातील पृष्ठभागाचे तापमान आणि त्यावरून बाष्पपर्णोत्सर्जन (माती आणि झाडे यांतून वाफ होऊन जाणारे पाणी) काढण्याचे काम मी करत आहे. पद्धत ऊर्जा-समतोलाची आहे : निव्वळ प्रारणातून (पृष्ठभागावर आलेल्या आणि तिथून परत गेलेल्या किरणांच्या ऊर्जेतील फरकातून) जमिनीत शिरणारी उष्णता आणि हवेला मिळणारी संवेद्य उष्णता वजा करायची, आणि जी बाकी उरेल ती बाष्पीभवनाला लागलेली सुप्त उष्णता मानायची. ओलिताखालच्या शेतांवर येणारे आकडे पटण्याजोगे आहेत. परंतु जिथे खुरटी झुडपे आणि मधे उघडी वाळूमिश्रित माती आहे, तिथे ही बाकी शून्याच्या खाली जाते, आणि तीही पावसानंतरच्या आठवड्यात, जेव्हा मातीत थोडी ओल असल्याचे प्रत्यक्ष मोजणीत दिसते.

उपग्रह सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास जातो. त्या वेळी निव्वळ प्रारण ५५० वॅट प्रति चौरस मीटर, जमिनीत जाणारी उष्णता १५० आणि संवेद्य उष्णता ३६० धरली, तर सुप्त उष्णतेला ४० उरतात. संवेद्य उष्णता दहा टक्क्यांनी जास्त मोजली गेली की त्या ४० चे ४ होतात. थोडक्यात, आधीच्या तिन्ही पदांतील चुका माझ्या हव्या असलेल्या सर्वांत लहान पदावर येऊन साचतात.

हवेचे तापमान मी हवामान केंद्रावरील दोन मीटर उंचीचे घेतले आहे, उत्सर्जकता (आदर्श पृष्ठभागाच्या तुलनेत उष्णतेची किरणे सोडण्याची क्षमता) सर्वत्र ०.९७ ठेवली आहे, आणि उष्णतेसाठीची खडबडीतपणाची लांबी (पृष्ठभाग आणि हवा यांतील देवाणघेवाण किती सुलभ ते ठरवणारे माप) ही संवेगासाठीच्या, म्हणजे वारा अडण्यासाठीच्या, लांबीच्या एक-दशांश मानली आहे. वाळूतील क्वार्ट्झमुळे उत्सर्जकता कमी असते असे वाचले. ऋण आकड्यांचे मूळ तिथेच असेल का? की सेबल किंवा मेट्रिक यांसारख्या उष्ण-शीत पिक्सेल पद्धतीकडे (प्रतिमेतील सर्वांत कोरडा-तापलेला आणि सर्वांत ओला-थंड असे दोन ठिपके संदर्भ धरणाऱ्या) वळावे? अडचण अशी की माझ्या प्रतिमांत भरपूर पाणी मिळालेले पीक फार थोडे दिसते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १

उत्सर्जकता जरूर दुरुस्त करा, पण तिच्याकडून ही अपेक्षा ठेवू नका. खरी उत्सर्जकता ०.९७ पेक्षा कमी असेल तर पृष्ठभागाचे खरे तापमान आपण काढलेल्या तापमानापेक्षा जास्त निघेल (०.०१ च्या फरकाला ढोबळमानाने अर्धा अंश), संवेद्य उष्णता वाढेल आणि ऋण आकडे आणखी ऋण होतील. शिवाय क्वार्ट्झचा मोठा परिणाम ८ ते ९.५ मायक्रोमीटर या पट्ट्यात असतो. लँडसॅटचा दहावा बँड (तापमान मोजणारा तरंगलांबीचा पट्टा) त्याच्या पलीकडे, ११ मायक्रोमीटरच्या आसपास आहे.

माझा संशय त्या एक-दशांशावर आहे. हे गुणोत्तर दाट, एकसारख्या पिकाला साधारण चालते. विरळ झुडपांत वारा अडतो तो झुडपांमुळे, तर उष्णता निघते ती मुख्यतः तापलेल्या मातीतून, आणि उपग्रहालाही बहुतांशी तीच माती दिसते. अशा ठिकाणी उष्णतेची लांबी दशांशाहून कितीतरी पटींनी लहान असते. ती मोठी धरल्याने उष्णतेच्या वाटेतील रोध कमी निघतो आणि संवेद्य उष्णता फुगते. आपले ओलिताचे आकडे बरोबर येतात, याचेही कारण हेच असावे : तिथे पृष्ठभाग आणि हवा यांच्या तापमानांतील फरकच लहान, त्यामुळे रोध चुकला तरी फारसे बिघडत नाही.

सेबल-मेट्रिकमध्ये हवेचे मोजलेले तापमान लागत नाही. दोन टोकांच्या पिक्सेलांवरून तापमानफरक आतल्या आत जुळवला जातो, त्यामुळे तापमानातील सरसकट चूक बरीचशी गिळली जाते. मात्र पावसानंतर उष्ण पिक्सेलवर बाष्पीभवन शून्य मानू नका. मेट्रिकमध्ये त्यासाठी मातीच्या वरच्या थराचा रोजचा जलताळेबंद मांडतात. शीत पिक्सेल विश्वासाचा नसेल, तर १९९५ साली नॉर्मन, कुस्तास आणि ह्यूम्स यांनी मांडलेले द्विस्रोत प्रतिमान मला अधिक योग्य वाटते, कारण ते माती आणि पाने यांची तापमाने वेगळी करते. त्यात पानांतून जाणाऱ्या वाफेच्या हिशेबाची सुरुवात प्रीस्टली-टेलर यांच्या १.२६ या गुणकाने (भरपूर पाणी असलेल्या पृष्ठभागासाठीच्या) होते. पाण्याचा ताण सोसणाऱ्या झुडपांना तो जास्त पडतो, एवढे ध्यानात असू द्या.

मूळ प्रश्नकर्ता

आभारी आहे. क्षणिक आकड्यावरून दिवसाचा आकडा काढताना बाष्पीभवनाचा अंश (निव्वळ प्रारणातून जमिनीतील उष्णता वजा जाता उरणाऱ्या ऊर्जेपैकी सुप्त उष्णतेचा वाटा) दिवसभर स्थिर मानावा का? वरच्या उदाहरणात तो ०.१ येतो, चोवीस तासांचे सरासरी निव्वळ प्रारण १५० धरले तर १५ वॅट, म्हणजे दिवसाला सुमारे अर्धा मिलिमीटर.

उत्तर २

उघड्या जमिनीवर चालेल. ओलिताच्या शेतांवर मात्र नको : भोवतालच्या रखरखीत जमिनीवरून दुपारी गरम वारा येतो आणि सुप्त उष्णता उपलब्ध ऊर्जेच्याही पुढे जाऊ शकते. तिथे संदर्भ बाष्पपर्णोत्सर्जनाशी (हवामानाच्या नोंदींवरून काढलेल्या, भरपूर पाणी मिळालेल्या प्रमाण पिकाच्या आकड्याशी) असलेले गुणोत्तर स्थिर धरावे. पडताळणी एडी कोव्हेरियन्स मनोऱ्याशी (हवेच्या भोवऱ्यांतून वाहणारी वाफ आणि उष्णता थेट मोजणाऱ्या) करणार असाल, तर आधी त्या मनोऱ्याचाच ऊर्जा-ताळेबंद जुळतो का ते पाहा; बहुधा दहा ते तीस टक्के कमी भरतो, आणि आपला ४० वॅटचा आकडा त्या तुटीपेक्षा लहान असू शकतो.