रोज बुटीबोरी 52 किमी, जुनी पेट्रोल काढून इलेक्ट्रिक घेऊ का?

मनीषनगरवाला

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचून राहिलो होतो, आज विचारतोच. माझ्याकडे 2014 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, 96 हजार किमी झाले, इंजिन चांगलं आहे पण क्लच आत्ताच बदलला, एसी मे महिन्यात रडतो आणि सस्पेन्शनचा आवाज आता बायकोलापण ऐकू यायला लागला म्हणजे समजून घ्या. नागपूरच्या मनीष नगरहून बुटीबोरी एमआयडीसी रोज जाऊन-येऊन 52 किमी, महिन्याचे साडेबाराशे-तेराशे होतात. मायलेज 15 धरलं तर पेट्रोलचेच नऊ हजार जातात.

ऑफिसातल्या दोघांनी इलेक्ट्रिक घेतली, तेव्हापासून डोक्यात किडा आहे. पण अडचणी दोन. एक म्हणजे फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, पार्किंग खाली स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या खांबांमधल्या मोकळ्या जागेत, मीटरचा बोर्ड दुसऱ्या टोकाला. सेक्रेटरी म्हणाले आग लागली तर जबाबदार कोण. दुसरी म्हणजे गाव आर्णीच्या पुढे, घरून 200 च्या आसपास, आई-बाबा तिकडेच असतात त्यामुळे महिन्यातून एकदा तरी जाणं आहेच, कधी रात्री-बेरात्रीपण. बजेट 12-13 लाख ऑनरोड, त्यातले 10 कर्ज काढावं लागेल. नुसती व्हिडिओवाल्यांची माहिती नको, आपल्या नागपूरच्या उन्हात ज्यांनी चालवली त्यांनी सांगा.

वर्धारोडवरचा

मी चालवतो, चौथं वर्ष आहे, 30 युनिटची बॅटरी, 62 हजार किमी झाले. आधी पैशाचं बोलू कारण सगळे तिथेच गंडतात.

तुमचे 1300 किमी म्हणजे साधारण 190 युनिट, चार्जिंगमध्ये थोडं गरम होऊन जातं ते धरून 210 पकडा. हे घरच्याच मीटरवर टाकलं तर उन्हाळ्यात कूलर, फ्रिज, एसी धरून तुम्ही 300 च्या वरच्या स्लॅबमध्ये जाल आणि गाडीची वीज सगळ्यात महागड्या दराने पडेल, हे शोरूमवाला कधीच सांगत नाही. महावितरण ईव्हीसाठी वेगळं कनेक्शन देते, त्याचा दर वेगळा, स्लॅबची भानगड नाही. ते घ्या. युनिटला दहा रुपये पकडले तरी महिना 2100. म्हणजे वाचले साधारण सात हजार. रोडच्या कडेच्या फास्ट चार्जरवर युनिट 20 च्या घरात जातं, जीएसटी वेगळा, तिथे रोज चार्ज करायचं असेल तर घेऊच नका, अर्धी मजा गेली.

आता दुसरी बाजू. 10 लाख, 7 वर्षं, 9 टक्के, हप्ता 16 हजारच्या वर येतो. वाचणार सात, जाणार सोळा. म्हणजे तुमची तुलना नवी पेट्रोल विरुद्ध नवी इलेक्ट्रिक अशी नाहीच, जुनी गाडी दोन वर्षं ओढायची की नाही अशी आहे. जुनी खरंच थकली असेल आणि नवी घ्यायचीच असेल तर मात्र 1300 किमीवाल्याने पेट्रोल घेऊ नये असं माझं स्पष्ट मत. रोजचे 15-20 किमी असते तर उलटं बोललो असतो. आणि ऑफिसातल्या कोणी सांगितलं असेल की कर्जाच्या व्याजावर इन्कम टॅक्समध्ये सूट मिळते, तर ती 80ईईबी ची सूट 31 मार्च 2023 पर्यंत मंजूर झालेल्या कर्जालाच होती. आता नाही.

बाकी उन्हाचं नंतर लिहितो, पोरीला क्लासला सोडायचं आहे.

सिव्हिल लाईन्सचे काका

घाई कशाला. मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याचं काम मिहानहून बुटीबोरीपर्यंत चालू आहे, ते झालं की गाडीच नको. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 झाला, सेसपण गेला, त्यामुळे आता पेट्रोल-इलेक्ट्रिकमधला फरक वाढला आहे. इलेक्ट्रिकवर आधीपासून 5 च आहे म्हणा, पण मूळ किंमत बघा ना. आणि पर्यावरणाचं तर बोलूच नका, धूर सायलेन्सरमधून नाही तर कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमणीतून निघतो, एवढाच फरक. तोही आमच्याच नाकात.

मनीषनगरवाला

काका, मेट्रो एमआयडीसीच्या गेटपर्यंत नेईल, माझी कंपनी तिथून अजून चार किमी आत आहे आणि सेकंड शिफ्ट सुटते रात्री साडेअकराला. पर्यावरणासाठी नाही घेऊन राहिलो, खिशासाठी घेऊन राहिलो, खरं सांगतो.

वर्धारोडवरचा

आलो. काकांना एकच, जीएसटी कमी झाला हे खरं, पण पेट्रोलवर आरटीओचा वन टाईम टॅक्स 11 टक्क्यांपासून सुरू होतो आणि इलेक्ट्रिकला आपल्याकडे माफ आहे, त्यामुळे एक्स-शोरूम बघू नका, दोन्हीचं ऑनरोड कोटेशन समोरासमोर ठेवा. फरक असतोच, पण ऐकतो तेवढा नसतो.

ऊन. नवी होती तेव्हा खरी रेंज 210 मिळायची, आता 190. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या कडक नऊ दिवसांत, दुपारी 2 वाजता एसी 22 वर ठेवून वर्धा रोडला निघालो तर 165-170. म्हणजे 10-13 टक्के तरी सोडून द्यायचे. कंपनीने सांगितलेला आकडा विसरून जा, त्याच्या 65-70 टक्के धरा आणि मे महिन्यात त्यातूनही कापा. तुमच्या 52 किमीला काहीच फरक पडत नाही, एक दिवसाआड लावलं तरी चालेल. पण आर्णीसाठी 30 ची बॅटरी नका घेऊ, 38-45 वाली बघा.

उन्हाची दोन-तीन कामाची माणसं... सॉरी, कामाच्या गोष्टी, फोन काय काय टाईप करतो. तापलेली गाडी आणून लगेच चार्जिंगला लावायची नाही, तास-दीड तास थांबायचं, रात्री 11 नंतर लावायची. सकाळी निघायच्या 10 मिनिटं आधी केबल लागलेली असतानाच मोबाईलवरून एसी चालू करायचा, थंडी भिंतीतल्या विजेवर होते, बॅटरी वाचते. आणि दुपारी हायवेवर फास्ट चार्जिंग केलं तर बॅटरी गरम असल्याने गाडी स्वतःच स्पीड कमी करते, 50 मिनिटांचं काम सव्वा तासावर जातं, पंखा असा गरगरतो की पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं वाटतं. हे बिघाड नाही, तसंच बनवलं आहे.

आर्वीचे जावई

अर्ध्याच गोष्टी सांगून राह्यले बाप्पा सगळे. गावाचं कोणी बोलतच नाई. माह्यं ऐका.

गाडी घेतली, पयल्याच दिवाळीत सासरी गेलो, म्हटलं शंभर-सव्वाशे किमी आहे, रातभर लावून ठेवू, सकाळी टाकी फुल. वसरीतल्या प्लगात लावलं तं चार्जरवर लाल लाईट. काढलं, लावलं, पुन्हा लाल. सासरे म्हणे याच प्लगवर कूलर चालते, मिक्सर चालते, मोटर चालते, तुमची गाडीच काऊन नाई चालत जावईबापू? आजूबाजूचे चार जण पाह्यले आले. मंग गावातला वायरमन आला, त्याने टेस्टर लावला आणि हसला, म्हणे भाऊ तिसऱ्या भोकात वायरच नाई. अर्थिंग ज्याला म्हणतात ते त्या घरात कधी झालतंच नाई. चार्जरला अर्थिंग नाई दिसलं तं तो चालूच होत नाई, आणि तेच बरं आहे नाईतं गाडीला हात लावला की झटका.

दुसऱ्या दिवशी हौदाजवळ खड्डा केला, आठ फूट पाईप, त्याच्याभोवती मीठ आणि कोळसा, थर देऊन देऊन, वरून पाणी. कोळसा सासूबाईच्या चुलीतला. त्या पाईपापासून जाड वायर आणून 15 अँपिअरचा चांगला सॉकेट बसवला, वेगळा एमसीबी टाकला. हजार-दीड हजारात झालं. साधा स्वस्तातला सॉकेट लावू नका, माह्या साढूनं लावला होता, रात्रभर 13-14 अँपिअर खेचते गाडी, सकाळी पाह्यलं तं प्लास्टिक तपकिरी होऊन वास मारून राह्यलं होतं. आता उन्हाळ्यात पाईपाजवळ बादलीभर पाणी टाकायची ड्यूटी सासऱ्याची आहे, माती सुकली की अर्थिंग कमजोर होते.

तं गाडी कोणती ते नंतर पाहा, पयले गावी जाऊन प्लग पाहा. व्होल्टेजही पाहा. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडते, चार्जर चालू-बंद चालू-बंद करते, रात्री 11 नंतर बरोबर येते.

आणि रातच्या इमर्जन्सीसाठी नियम एकच, गाडी घरी आली की बॅटरी 40 टक्क्यांच्या खाली कधी झोपू द्यायची नाई.

अंबाझरीचा

सोसायटीबद्दल मी बोलतो कारण सेक्रेटरी आहे, शिव्या द्यायच्या तर द्या.

केंद्राच्या गाईडलाईन्समध्ये स्पष्ट आहे की घरी, ऑफिसात आपल्या चालू कनेक्शनवरून ईव्ही चार्ज करता येते. त्यामुळे सरसकट नाही म्हणणं टिकत नाही. पण सेक्रेटरीला कायदा दाखवून काम होत नाही, त्याला कागद हवा असतो. लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून एक पानाचं ड्रॉइंग काढा, मीटर बोर्डापासून पार्किंगपर्यंत वायर कुठून जाणार, किती जाडीची, आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) कुठे, अर्थिंग कुठे. आमच्याकडे पहिल्या माणसाने एक्स्टेंशन बोर्ड खिडकीतून सोडला होता, त्याला मीच बंद केलं आणि आजही करीन. दुसऱ्याने 6 स्क्वेअर एमएमची वायर पाईपातून आणली, 40 मीटर, त्याला पंधरा मिनिटांत परवानगी दिली. खर्च त्याला 14 हजारच्या आसपास आला, मीटरचं वेगळं.

अजून एक, आणि हे मनापासून. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा आमच्या बेसमेंटमध्ये सात गाड्या होत्या. सगळ्या पेट्रोल-डिझेल. शेजारच्यांनी पाणी उतरल्यावर घाबरून सेल्फ मारला, इंजिनात पाणी होतं, संपलं, आणि इन्शुरन्समध्ये इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन नव्हतं. इलेक्ट्रिकच्या बॅटरीला आयपी67 असतं म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, पण आमच्याकडे पाणी कित्येक तास उभं होतं, तेव्हा आयपी सांगून उपयोग नाही. म्हणून आता नियम केला आहे, चार्जिंगचा सॉकेट जमिनीपासून साडेचार फुटांवर, आणि पावसाचा अलर्ट असला की गाड्या वर रस्त्यावर. तुमचं स्टिल्ट आहे म्हणून बरं, तरी सॉकेट उंचच घ्या.

सिव्हिल लाईन्सचे काका

दिल्लीत दहा वर्षांच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्या बंद केल्या होत्या, उद्या इथे करतील. त्यामुळे 2014 ची विकायचीच असेल तर आत्ता विका.

वर्धारोडवरचा

काका तो नियम दिल्ली-एनसीआरचा होता, आपल्याकडे 15 वर्षांनी फिटनेस करून रजिस्ट्रेशन वाढवता येतं. घाबरवू नका त्याला. हां, पण ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचं बघा, 2014 ची गाडी त्यासाठी बनलेली नाही, मायलेज थोडं पडतं, आणि जुने रबरी पाईप, सील एकदा मेकॅनिककडून बघून घेतलेले बरे. आपले खासदार गडकरी एका हाताने इथेनॉल देतात, दुसऱ्या हाताने इलेक्ट्रिक, 2022 मध्ये तर हायड्रोजनच्या गाडीत बसून संसदेत गेले होते. कोणतं घ्यायचं ते आपणच ठरवायचं.

धरमपेठची

चार वर्षांनी ही इलेक्ट्रिक विकायला जाल तेव्हाची किंमत आधी विचारून या. बास.

मनीषनगरवाला

एका आठवड्याने लिहितोय, सगळ्यांचे आभार. आधी सांगतो काय झालं ते.

रविवारी गावी गेलो, टेस्टर घेऊन. जावईभाऊ तुमचं शब्दशः खरं, तिसऱ्या भोकात वायरच नाही. बाबांना सांगितलं तर म्हणाले 1996 साली घर बांधलं तेव्हापासून असंच आहे, कोणी मेलं का? आई मात्र लगेच म्हणाली करून घे, वॉशिंग मशीनला हात लावला की मुंग्या येतात. म्हणजे गाडी येवो न येवो, तो खड्डा होणार. येताना यवतमाळला फास्ट चार्जर पाहून आलो, चार्जिंगच्या दोन गन होत्या, एक चालू, एकावर कोणीतरी बाईक टेकवून चहाला गेला होता.

जुनी गाडी मेकॅनिकला दाखवली, म्हणे एसीचा कॉम्प्रेसर आणि सस्पेन्शन धरून 38 हजार, मग दोन वर्षं बघायला नको. बायको म्हणते 38 कशाला घालता, तेच डाऊनपेमेंटला टाका. मी सध्या बायकोच्या बाजूने 60 टक्के आहे. दिवाळीपर्यंत पैसे जमा करतो म्हणजे कर्ज 10 च्या ऐवजी 7 लाख राहील, 38 युनिटच्या वरचीच बॅटरी घेणार, त्याखाली नाही.

सेक्रेटरींना ड्रॉइंग दिलं. मोजलं तर 34 मीटर वायर लागते. दोन दिवस ठेवून घेतलं आणि मग एकच अट घातली, सॉकेटला कुलूपवाला डबा लावा, नाहीतर वॉचमन तिथे शेगडी लावेल आणि पोरं मोबाईल. तर आता तेवढंच सांगा, पावसाच्या शिंतोड्यात टिकेल असा, केबल लागलेली असताना बंद होणारा डबा इतवारीत रेडिमेड मिळतो का, की फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्यावा लागेल?

आर्वीचे जावई

रेडिमेड मिळते, पण झाकण बंद करताना चार्जरचा प्लग आत मावला पाह्यजे, म्हणून डबा घ्यायला जाताना ऑफिसातल्या त्या दोघांपैकी एकाचा चार्जर सोबत घेऊन जा. मी अंदाजानं आणला होता, त्यात आता सासूबाई मीठ ठेवतात.