काट्याचा मीटर ६ च्या जागी ४.८ का दाखवतो?

इस्लामपूरकर

नमस्कार. मी इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात सगळे डिजिटल मीटर, त्यामुळे व्होल्ट, ओहम मोजायचा काट्याचा मीटर कधी हातात घेतलाच नव्हता. दिवाळीच्या साफसफाईत आजोबांच्या हत्यारांच्या पेटीत त्यांचा मीटर सापडला. सान्वा कंपनीच्या ३६० टीआर मॉडेलसारखा दिसतो. आजोबा रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे. मी सातवीत असताना ते गेले, त्यामुळे हा वापरायचा कसा हे त्यांना विचारायचं राहून गेलं. आता तो नीट शिकायचाच आहे.

नवीन सेल घातले, काटा हलतो. पण तीन गोष्टी अडल्यात.

एक, तबकडीवर इतक्या पट्ट्या आहेत की कुठली वाचायची तेच कळत नाही. शिवाय ओहमची पट्टी उलटी, शून्य उजवीकडे.

दोन, राऊटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर घेऊन त्यावर १ लाख ओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये जोडले. मधल्या बिंदूवर ६ व्होल्ट यायला हवेत. डिजिटल ५.९७ दाखवतो, आजोबांचा मीटर १० च्या रेंजवर ४.८. अडॅप्टर थेट मोजला तर ५० च्या रेंजवर बरोबर १२ येतात. मग मीटर बिघडलाय म्हणायचा की नाही?

तीन, मीटरच्या पाठीवर चिकटपट्टी लावून आजोबांनी पेनाने लिहिलंय, "ओहमला काळी +". काळी तर निगेटिव्ह असते ना? त्यांच्याकडून चुकून लिहिलं गेलं असेल का?

मिरजेचा रेडिओवाला

बाळ, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो. आजोबांनी अगदी बरोबर लिहिलंय, ती पट्टी काढू नकोस. ओहम मोजताना मीटर आपल्याच पोटातल्या सेलचा करंट बाहेर सोडतो, आणि या जातीच्या मीटरमध्ये सेलची धन बाजू काळ्या वायरीकडे येते. डायोड तपासून बघ. काळी अॅनोडला (धन टोकाला) आणि लाल कॅथोडला (ऋण टोकाला, पट्टा असतो तिकडे) लावली की काटा चढेल, उलट लावली की जागचा हलणार नाही. डिजिटलमध्ये हेच उलट असतं. दोन्ही मीटर शेजारी ठेवून ट्रान्झिस्टर तपासणाऱ्याचा इथे हमखास घोळ होतो, म्हणून जुनी माणसं अशी खूण करून ठेवायची.

आता वाचायचं कसं. मीटर टेबलावर आडवा ठेव. वायरी कुठेही न लावता काटा डावीकडच्या शून्यावर आहे का बघ. नसेल तर काट्याच्या मुळाशी एक स्क्रू आहे, तो बारीक पेचकसाने अगदी केसभर फिरव. हे झाल्याशिवाय कुठलाही आकडा घेऊ नकोस.

सिलेक्टरवरचा, म्हणजे रेंज निवडायच्या बटणावरचा, आकडा म्हणजे काटा पूर्ण उजवीकडे गेला तर किती व्होल्ट, एवढंच. तबकडीवर १०, ५० आणि २५० अशा तीन आकड्यांच्या ओळी आहेत, पण खालच्या रेघा त्याच ५० आहेत. २५० च्या रेंजवर एक रेघ ५ व्होल्टची, ५० वर १ ची, १० वर ०.२ ची. घरातले २३० व्होल्ट २५० च्या रेंजवर सेहेचाळिसाव्या रेघेवर दिसतील. २.५ ची रेंज घेतलीस तर २५० ची ओळ वाचून शंभराने भाग. १००० ची घेतलीस तर १० ची ओळ वाचून शंभराने गुण. काही मीटरवर एसी १० व्होल्टसाठी वेगळी पट्टी असते, कारण एसी मोजताना मधे डायोड येतो आणि कमी व्होल्टेजला तो सरळ हिशोबाने वागत नाही. तुझ्या तबकडीवर ती असेल तर त्या रेंजला तीच वाच.

काट्याखाली आरशाची बारीक पट्टी असेल. एक डोळा मीट आणि काट्याचं आरशातलं प्रतिबिंब काट्यामागे पूर्ण लपेपर्यंत डोकं हलव. मग वाच. तिरकं बघून एक-दोन रेघांची चूक सहज होते.

ओहमची पट्टी उलटी का, तर दोन्ही टोकं एकमेकांना टेकवली की वाटेत अडथळाच नाही, करंट सर्वात जास्त, काटा थेट उजवीकडे. म्हणून तिथे शून्य. टोकं सुटी असली की करंटच नाही, काटा डावीकडेच, तिथे अनंत. दर वेळी रेंज बदलली की टोकं टेकवून शून्याचं बटण फिरवायचं. डावीकडे आकड्यांची दाटी होते, तिथला आकडा धरू नकोस. काटा मधल्या २० च्या आसपास येईल अशी रेंज निवड.

आता ४.८ चं. मीटर बिघडलेला नाही. तबकडीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात डीसीसाठी प्रति व्होल्ट २० हजार ओहम असं असेल. याचा अर्थ १० च्या रेंजवर मीटर स्वतःच २ लाख ओहमचा रेझिस्टर असतो. तो तू तुझ्या १ लाखाला समांतर लावलास. १ लाख आणि २ लाख समांतर म्हणजे साधारण ६६,७०० ओहम. १२ व्होल्टची वाटणी आता १ लाख आणि ६६,७०० यांच्यात होते. करून बघ, ४.८ येतात. म्हणजे मीटर लावलेला असताना तिथे खरोखरच ४.८ व्होल्ट असतात आणि काटा तेच सांगतोय. तुझ्या डिजिटलचा आतला रेझिस्टन्स १ कोटी ओहम असणार, म्हणून तो फारसा धक्का लावत नाही.

आता एक कर. मीटर ५० च्या रेंजवर ठेवून तोच बिंदू मोज. आता मीटर १० लाखाचा झाला. काटा ५.७ च्या आसपास जाईल. रेंज बदलल्यावर आकडा बदलला की समजायचं, मीटर सर्किटवर बसलाय, म्हणजे त्याच्याच ओझ्याने व्होल्ट खाली आलेत. ही खूण मला माझ्या उस्तादांनी १९८० च्या सुमाराला दाखवली आणि पुढची ३५ वर्षं दुकानात ती रोज उपयोगी पडली.

आणि एक. आजोबांच्या पेटीत जुन्या सेटचे सर्किटचे कागद असतील तर जपून ठेव. त्यावर ठिकठिकाणी व्होल्ट छापलेले असतात, आणि बऱ्याच कागदांवर तळाशी लिहिलेलं असतं की हे २० हजार ओहमच्या मीटरने मोजलेत. तिथे डिजिटल लावून आकडा जास्त आला म्हणून चांगला ट्रान्झिस्टर काढून फेकणारे मी पाहिलेत. असला सेट दुरुस्त करताना आजोबांचाच मीटर लाव.

काम झालं की सिलेक्टर ओहमवर सोडू नकोस. ऑफ असेल तर तिथे, नाहीतर एसी १००० वर ठेव. शिकाऊ असताना मी ओहमवर राहिलेला मीटर २३० च्या सॉकेटला लावला होता. काटा उजवीकडच्या खुंटीवर आपटून वाकला आणि आतून जळक्या वार्निशचा वास आला. मीटर उस्तादांचा होता. ते काही बोलले नाहीत, रात्री बसून मला बरोबर घेऊन तो जळका रेझिस्टर बदलला.

बारामती मोटर रिवायंडिंग

वरच्या काकांनी सगळं सांगितलंच आहे. माझ्या कामातलं थोडं.

फॅनचा २.५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर तपासायला काट्यासारखं दुसरं काही नाही. आधी तो डिस्चार्ज कर. मग ओहमच्या ×१० के वर (वाचलेला आकडा दहा हजाराने गुणायचा ती रेंज) लाव. काटा झटकन उडी मारून सावकाश डावीकडे परत गेला तर चांगला. उजवीकडेच अडकला तर शॉर्ट, हललाच नाही तर आतून तुटलेला. ×१ के वर उडी इतकी छोटी येते की नजरेतून सुटते. आणि ×१० के ला आत ९ व्होल्टची वेगळी बॅटरी लागते, तुम्ही फक्त पेन्सिल सेल घातले असतील तर ती रेंज चालणार नाही. मोजताना दोन्ही टोकांना बोटं लावू नका, अंगातूनही करंट जातो आणि काटा परत जात नाही.

एक विनंती. हा मीटर बेंचवर वापरा. शेतातल्या पंपाच्या स्टार्टरवर, थ्री फेजच्या ४१५ व्होल्टवर नेऊ नका. जुन्या वायरींचं इन्शुलेशन कडक होऊन तडकलेलं असतं, आणि अशा मीटरला तिथल्या फॉल्टपासून काहीच संरक्षण नसतं. त्या कामाला सीएटी ३ (अशा वीजपुरवठ्यावर वापरायची सुरक्षा श्रेणी) लिहिलेला चांगला मीटरच पाहिजे. याबाबतीत मी माझ्या पोरांचंही ऐकत नाही.

इस्लामपूरकर

काका, ५० च्या रेंजवर काटा पाच आणि सहाच्या रेघांमध्ये थांबला, सहाच्या जवळ! मग कागदावर समांतरचा हिशोब केला, ५.७१ आले. डायोडही तुम्ही सांगितलं तसाच, काळी अॅनोडला लावली की चढतो. चिकटपट्टीवर पारदर्शक टेप लावून टाकली.

बारामतीचे दादा, वायरी खरंच तडकल्यात, नवीन घेते. ९ व्होल्टची बॅटरीही नव्हती.

एकच राहिलं. ×१ वर शून्याचं बटण पूर्ण फिरवूनही काटा दोन रेघा अलीकडे थांबतो. ×१० आणि ×१ के वर शून्य बरोबर येतं. सेल तर नवीन आहेत.

मिरजेचा रेडिओवाला

×१ वर मीटर सर्वात जास्त करंट ओढतो, टोकं टेकवली की १५० मिलिअँपिअरच्या आसपास. त्यामुळे वाटेतला अर्धा-एक ओहमसुद्धा तिथे दिसतो, इतर रेंजवर लपतो. सेलच्या पत्र्यांवर हिरवट-पांढरा थर असेल. बारीक पॉलिश पेपरने घास, भुकटी आत पडू देऊ नकोस, मग कोरड्या कापडाने पूस. वायरींच्या पिनाही घासून घे.

इस्लामपूरकर

निगेटिव्हच्या स्प्रिंगवर थर होता. घासला. काटा शून्यावर आला, आणि बटण अजून थोडं फिरायचं शिल्लक आहे.